दादाचा आकडा

आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा मला जिन्यात गाठले आणि आवाज अगदी खाली आणून विचारले, "राग मानू नका हं, पण तुमच्याकडे कोणी मटका खेळतं का?"

मी चकितच झाले. आमच्या घरात पत्त्यांचा डाव पडतो तो दिवाळीत, आणि त्याची मजल बदाम सातच्या पलीकडे कधी गेलेली नाही. मग उलगडा झाला. दर तीन महिन्यांनी एका ठरावीक संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहून साताऱ्याला फोन लावीत असे आणि पलीकडून 'हॅलो' येण्याच्या आत विचारीत असे, "आला का आकडा? किती आला?" काकूंनी हे दोन-तीनदा ऐकले होते. आकडा कमी आला म्हणून मी आनंदाने उडी मारली, हे पाहून तर त्या अधिकच गोंधळात पडल्या होत्या.

आकडा आमच्या दादाच्या रक्तातला. आल्फा-फीटोप्रोटीन हे त्याचे भारदस्त नाव. डॉक्टरमंडळी त्याला एएफपी म्हणतात. आम्ही घरात नुसता 'आकडा' म्हणतो. या आकड्याने गेली काही वर्षे आम्हा दोन घरांना जे नाचवले त्याची ही हकीकत आहे. मी डॉक्टर नाही. सव्वीस वर्षे शाळेत गणित शिकवले, एवढेच माझे भांडवल. पण माझ्या यकृताचा साठ टक्के भाग दादाच्या पोटात आहे, आणि तेवढ्या हक्कावर मी या विषयाबद्दल चार शब्द बोलते आहे.

जून २०२१ मध्ये दादाच्या पोटाची सोनोग्राफी झाली ती भलत्याच कारणासाठी, आणि यकृतात ४.२ सेंटिमीटरची गाठ निघाली. यकृत कडक झालेले होते. कारण कावीळ 'ब'चा विषाणू. तो बहुधा लहानपणापासूनच त्याच्या रक्तात मुक्काम करून होता आणि आम्हाला कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. येथे एक सांगून टाकते. दादाने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण यकृताचा आजार म्हटला की भेटायला येणारे लोक तोंडाने प्रकृती विचारतात आणि डोळ्यांनी दुसरेच काही विचारतात. वहिनींना याचा जितका त्रास झाला, तितका कदाचित आजाराचाही झाला नसेल.

यकृत बदलणे हाच उपाय, असे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले. वहिनींना मधुमेह, भाचा सतरा वर्षांचा, म्हणजे कायद्याने अजाण. माझा रक्तगट जुळला. घरी आमच्या ह्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तू ठरवलंयस ना? मग मला विचारू नकोस, सांग." झाले, मी तयार. मला वाटले, आता पुढच्या आठवड्यात तारीख मिळेल.

तारीख मिळाली नाही. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला आणि एका ओळीवर पेन टेकवले. एएफपी १,२४०. "हा आकडा खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही," ते म्हणाले.

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. मी म्हटले, "गाठ एकच आहे, पाच सेंटिमीटरच्या आत आहे, बाहेर कुठे पसरलेली दिसत नाही. यकृत माझं आहे, ते काही रांगेतल्या दुसऱ्या कुणाचं हिरावून घेत नाही. मग थांबायचं कशाला?" बाईने वाचून ठेवलेले दिसते, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण उत्तर मात्र नीट दिले. त्या उत्तराचा अर्थ मला पुढे कित्येक महिने उलगडत गेला.

पाच सेंटिमीटरचा नियम इटलीतील मिलान शहरचा. १९९६ मध्ये तेथील विन्चेन्झो माझाफेर्रो यांनी आपल्या ४८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. एकच गाठ असेल तर ती पाच सेंटिमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत, अशा निवडक रुग्णांचे यकृत बदलले तर चार वर्षांनी ७५ टक्के माणसे हयात राहतात, असे त्यांनी दाखवले. त्याआधी यकृताच्या कर्करोगासाठी यकृत बदलणे म्हणजे बहुतांशी वाया गेलेली मेहनत, असे डॉक्टरांचे मत होत चालले होते. त्याला कारणही होते. अमेरिकेतील टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हर येथे यकृतारोपणाचा पहिला प्रयत्न केला, आणि खरे यश मिळाले ते १९६७ मध्ये, दीड वर्षाच्या एका मुलीच्या बाबतीत. ती मुलगी वर्षाहून अधिक जगली. तिला यकृताचा कर्करोगच होता. नवे यकृत चांगले चालले, पण ती गेली ती तोच कर्करोग परतल्यामुळे. म्हणजे या शस्त्रक्रियेच्या पहिल्या यशाच्या पोटातच हा प्रश्न बसलेला होता.

यकृत समूळ काढून टाकले, मग कर्करोग परततो कुठून? मला हा प्रश्न बाळबोध वाटत असे म्हणून मी विचारत नव्हते. शेवटी वहिनींनीच विचारला. उत्तर असे, की गाठीतून सुटलेल्या काही पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तातून फुप्फुसात किंवा हाडात जाऊन बसलेल्या असतात. कोणत्याही छायाचित्रात दिसणार नाहीत इतक्या थोड्या. त्यात, नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम मंद ठेवावी लागते. पहारेकऱ्याला अफू द्यायची आणि दार उघडे ठेवायचे, असा तो प्रकार. म्हणून शस्त्रक्रियेआधी प्रश्न एवढाच, की ही गाठ घरात बसणारी आहे की भटकी? सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन गाठीचे आकारमान सांगतात, स्वभाव सांगत नाहीत. स्वभावाची चाहूल रक्त देते.

आल्फा-फीटोप्रोटीन मुळात गर्भाचे प्रथिन. पोटातले मूल वाढत असते तेव्हा त्याचे यकृत ते भरभरून तयार करते. जन्मानंतर वर्षभरात ते जवळजवळ थांबते, आणि मोठ्या माणसाच्या रक्तात त्याचा मागमूस तेवढा उरतो. मिलिलिटरमध्ये दहाच्या आत नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक. १९६३ मध्ये मॉस्कोच्या गॅरी अबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताची गाठ झालेल्या मोठ्या उंदरांच्या रक्तात हे बाळपणाचे प्रथिन सापडले. पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते माणसांत, यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत आढळले. बिघडलेली पेशी आपले वय विसरते आणि पुन्हा बोबडे बोलू लागते, असे मी समजून घेतले. जितके बोबडे, तितकी ती अधिक बिघडलेली आणि अधिक भटकी. हा काही अचूक नियम नव्हे, पण हजारो रुग्णांच्या नोंदींतून हेच पुन्हा पुन्हा निघाले आहे.

फ्रान्समधील डॉक्टरांनी २०१२ मध्ये त्याचा सरळ हिशेब मांडला. गाठीचा आकार, गाठींची संख्या आणि एएफपी, या तिघांना गुण द्यायचे. बेरीज दोनच्या वर गेली की धोका मोठा. परीक्षेत जास्त गुण मिळाले म्हणून रडायची वेळ माझ्यावर प्रथमच आली. दादाची गाठ तीन ते सहा सेंटिमीटरच्या दरम्यान, गुण एक. गाठींची संख्या एक, गुण शून्य. एएफपी हजाराच्या वर, गुण तीन. एकूण चार. मिलानच्या फुटपट्टीवर उत्तीर्ण, फ्रान्सच्या परीक्षेत नापास.

"आणि तुम्ही म्हणता यकृत तुमचं आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच तर मला जास्त विचार करायचा आहे. मला दोन पोटं उघडायची आहेत. त्यातलं एक धडधाकट आहे."

यावर मला बोलता आले नाही.

मग सुरू झाले आकडा उतरवण्याचे काम. मांडीतल्या रोहिणीतून केसासारखी नळी थेट यकृतातल्या गाठीपर्यंत न्यायची, तेथे औषध सोडायचे आणि गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा. जुलैमध्ये हे एकदा झाले. दादाला चार दिवस ताप, उलट्या. आकडा आला ४१०. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो, पण मी हिशेब करून पाहिला: शंभर ते हजार म्हणजे गुण दोन, गाठीचा एक, बेरीज तीन. अजून नापासच. ऑगस्टअखेर पुन्हा नळी. त्या दोन महिन्यांत आमच्या घरातले वातावरण कसे होते ते सांगत नाही. ह्या वाट पाहण्यातही एक परीक्षा असते, असे डॉक्टर म्हणत: जी गाठ उपचाराला दाद देऊन तीन महिने शांत बसते, ती पुढेही बरी वागण्याचा संभव जास्त, आणि जी या मुदतीतच उसळते, तिने आपला स्वभाव आधीच दाखवला, एवढे समजावे. हे तर्काला पटते. पण ज्याचा भाऊ त्या तीन महिन्यांत रोज सकाळी आरशात डोळ्यांचा पिवळेपणा पाहत असतो, त्याला ते पटवून घ्यायला वेगळी ताकद लागते.

ऑक्टोबरात आकडा ६२ आला. दोन आठवड्यांनी पुन्हा काढला, ६२च्याच आसपास. गुण शून्य, बेरीज एक.

त्या वर्षी भाऊबीज ६ नोव्हेंबरला होती. मी साताऱ्याला जाऊन दादाला ओवाळले. तो म्हणाला, "बयो, यंदा ताटात काय टाकू? तूच मला टाकणार आहेस." वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. पुढच्या पंधरवड्यात इस्पितळाच्या समितीपुढे माझा जबाब झाला. कोणी दबाव आणला नाही ना, पैसे घेतले नाहीत ना, असे मला विचारले गेले आणि त्याचे चित्रण झाले. सख्ख्या बहिणीला असे विचारतात याचे तेव्हा वाईट वाटले. आता वाटत नाही. विचारायलाच हवे. महिनाअखेर आम्हा दोघांना एकाच दिवशी शस्त्रक्रियेला नेले. माझे यकृत काही महिन्यांत बरेचसे भरून आले. पोटावरचा व्रण तेवढा पावसाळ्यात खाजतो.

काढलेले यकृत प्रयोगशाळेत गेले. त्यावरून दुसरा हिशेब होतो. तो अमेरिकेचा, २०१७ साली हजारावर रुग्णांच्या नोंदींवरून बसवलेला. शस्त्रक्रियेच्या वेळचा एएफपी, गाठीतल्या जिवंत भागाचा आकार व संख्या, आणि बारीक रक्तवाहिन्यांत कर्करोग शिरला आहे की नाही, यांची बेरीज. ती शून्य असेल तर पाच वर्षांत कर्करोग परतण्याचा संभव शेकडा तीनपेक्षा कमी. पाच किंवा अधिक असेल तर शेकडा पंचाहत्तर. दादाची आली दोन. एक गुण त्या ६२चा. आकडा १,२४०वर असतानाच घाई केली असती तर त्या एकाचे तीन झाले असते, आणि जिवंत गाठीचे गुण वाढले असते ते वेगळेच.

आकडा मात्र शस्त्रक्रियेनंतर माझ्या मुलांना शिकवलेल्या भूमितीश्रेणीसारखा उतरला. रक्तातले एएफपी साधारण पाच-सहा दिवसांत निम्मे होते. ६२, मग ३१च्या खाली, मग पंधरा, महिन्याने ३. तेव्हापासून तीन, चार, तीन. फोनवरची माझी उडी ती याचीच.

पण हा आकडा सर्वज्ञ नाही, हेही आम्ही पाहिले. दादाच्या शेजारच्या खोलीत सोलापूरचे एक गृहस्थ होते; शस्त्रक्रिया त्याच आठवड्यातली, यकृत देणारी त्यांची पत्नी. त्यांचा एएफपी आजाराच्या पहिल्या दिवसापासून चार होता. गाठ असूनही चार! बऱ्याच रुग्णांत असे असते. पेशी बिघडतात पण बोबडे बोलत नाहीत. ते दादाला थट्टेने म्हणायचे, "तुमच्यापेक्षा माझा आकडा नेहमी चांगला." २०२२ची दिवाळी झाली आणि त्यांना खोकला सुरू झाला. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात डाग निघाले. रक्तातला आकडा त्या दिवशीही चारच होता.

यासाठी एकाच खुणेवर विसंबत नाहीत. दुसरी खूण पिव्हका-२ या विचित्र नावाची. रक्त गोठवणारे प्रोथ्रॉम्बिन यकृतात तयार होते आणि त्याला शेवटचा हात के-जीवनसत्त्वाच्या मदतीने फिरवावा लागतो. कर्करोगी पेशी ते काम अर्धवट सोडून माल तसाच बाहेर पाठवते. हा अर्धवट माल म्हणजे पिव्हका. अमेरिकन डॉक्टरांनी १९८४ मध्ये यकृताच्या कर्करोगाशी त्याचे नाते दाखवले. जपानमध्येही आपल्यासारखेच यकृत बहुतेक घरच्या माणसाकडून मिळते. तेथे क्योतोच्या शल्यवैद्यांनी रुग्ण निवडताना गाठींच्या जोडीला पिव्हका ४००च्या आत असण्याची अट घातली.

तिसरी खूण आमच्या वहिनींची आवडती. एएफपीचाच एक प्रकार कर्करोगी पेशीकडून येतो, त्याला साखरेचा एक जादा कण चिकटलेला असतो; आणि तो ओळखायला वापरतात मसुरीच्या दाण्यातले एक प्रथिन! त्याला जे घट्ट चिकटते, ते संशयास्पद. ते एकूण एएफपीच्या शेकडा दहाच्या वर नसावे. वहिनींचे माहेर इस्लामपूरचे, अख्ख्या मसुरीच्या मुलखातले. हे ऐकल्यावर त्यांनी डॉक्टरांना गंभीरपणे विचारले, "मग आठवड्यातून दोनदा आमटी केली तर?" खाल्लेल्या मसुरीचा त्याच्याशी काही संबंध नाही, असे डॉक्टरांनी तितक्याच गंभीरपणे सांगितले. आमटी तरीही होतेच.

आणि आता फेब्रुवारी २०२३ मधली ती रात्र. सोलापूरच्या गृहस्थांची बातमी ताजी होती. साडेदहाला भाच्याचा फोन आला. तो कुजबुजत होता, म्हणजे वहिनी जवळपास असाव्यात. "आत्या, रिपोर्ट आलाय. एएफपी तीनच आहे. पण दुसरा... पिव्हका... तीन हजार आठशे साठ."

आधी तो बावीस होता. चाळीसच्या आत असावा लागतो. मी त्याला म्हटले, झोप, मी सकाळी येते. आणि स्वतः रात्रभर गॅलरीत बसले. मला त्या रात्री माझा व्रण दुखत होता, हे खरे सांगते. मनात येऊ नये ते येत होते. दिले ते वाया गेले की काय, हा विचार आला, आणि मग आपण दिल्याघेतल्याचा हिशेब करतो आहोत याची लाज वाटली. पहाटे मी पहिल्या एसटीने साताऱ्याला गेले. दादाला काहीच सांगितलेले नव्हते, पण तो अंगणात तयार होऊन बसला होता. म्हणाला, "चल, गाडी सांगितली आहे. तुम्ही सगळे इतके हळू बोलता की मला सगळं ऐकू येतं."

डॉक्टरांकडच्या तरुण बाईंनी कागद पाहिला. मी वाट पाहत होते की त्यांचा चेहरा पडेल. तो पडला नाही. त्यांनी दादाला एकच प्रश्न विचारला, "गेल्या दोन महिन्यांत नवीन कुठली गोळी सुरू झाली?"

दादा म्हणाला, नाही. मग म्हणाला, हो. डिसेंबरात छातीत धडधडले म्हणून तो साताऱ्यातच एका डॉक्टरांकडे गेला होता; ठोके अनियमित होते, रक्त पातळ ठेवण्याची गोळी दिली. पुण्याला कळवा, असे त्या डॉक्टरांनी बजावले होते. हा विसरला! वॉरफरिन. बाईंनी पेन खाली ठेवले आणि पहिल्यांदा हसल्या.

वॉरफरिन के-जीवनसत्त्वाचीच वाट अडवते. मग निरोगी यकृतही प्रोथ्रॉम्बिन अर्धवट सोडते, आणि तपासणीला तो अर्धवट माल कर्करोगाचा की गोळीचा हे कळत नाही. (या औषधाची कुळकथा मोठी मजेची आहे. अमेरिकेत नासलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत, त्यातून हा पदार्थ हाती लागला, आणि १९४८ मध्ये तो प्रथम बाजारात आला तो उंदरांचे विष म्हणून.) तरीही त्यांनी त्याच दिवशी छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन केला, मसुरीची तपासणीही पाठवली. तीन दिवसांनी दोन्ही स्वच्छ आल्या. म्हणजे ३,८६० हा आकडा माझ्या यकृताचाच होता, आणि माझे यकृत सांगितलेले काम करीत होते.

परतताना वहिनी गाडीत दादाशी एक शब्द बोलल्या नाहीत. खंबाटकी घाट ओलांडल्यावर म्हणाल्या, "वन्सं, ह्यांना सांगा, आता शिंक आली तरी मला सांगायचं." दादा खिडकीबाहेर पाहत हसत होता.

सोलापूरचे गृहस्थ त्या जूनमध्ये गेले. त्यांच्या पत्नी दर पाडव्याला फोन करतात आणि आधी दादाचा आकडा विचारतात. तो सांगताना माझा आवाज अजून अडखळतो. पुष्कळशा रुग्णांत कर्करोग परतायचा तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो. ती वर्षे दादाने ओलांडली. आता तपासणी सहा महिन्यांनी असते. पिव्हका आम्ही सोडून दिला, कारण गोळी चालूच आहे.

यंदाची तपासणी भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आहे. रक्त सकाळी द्यायचे, आकडा संध्याकाळी. शेजारच्या काकूंना मी तारीख सांगून ठेवली आहे. त्या दिवशी त्याही गॅलरीत येऊन उभ्या राहतात.